न घडलेल्या गोष्टीचा निकाल

ऑक्टोबर २०२४. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवरच्या गहुंजे मैदानात भारत-न्यूझीलंड कसोटीचा तिसरा दिवस. भारताला जिंकायला ३५९ धावा हव्या होत्या आणि विराट कोहली १७ धावांवर खेळत होता. मिचेल सँटनरचा चेंडू त्याच्या पॅडवर आदळला, जोरदार अपील झाले आणि पंचांचे बोट वर गेले. कोहलीने रिव्ह्यू घेतला. पडद्यावर चेंडू लेग स्टंपला ओझरता लागताना दिसला आणि 'अंपायर्स कॉल' अशी अक्षरे उमटली. पंचांनी बाद दिले होते म्हणून तो बाद राहिला. त्यांनी नाबाद दिले असते तर त्याच चेंडूवर तो नाबाद राहिला असता. भारत ती कसोटी ११३ धावांनी हरला आणि १२ वर्षांनंतर प्रथमच मायदेशात मालिका गमावली.

कॅमेरे आणि संगणक हाताशी असताना शेवटचा शब्द माणसाच्या डोळ्यावर का सोडतात, असा प्रश्न त्या दिवशी अनेकांना पडला. त्याचे उत्तर क्रिकेटपेक्षा आपल्या मेंदूच्या कामकाजात अधिक सापडते. हा प्रश्न मैदानापुरताही उरत नाही. चाकणच्या कारखान्यात सुटे भाग तपासणारा निरीक्षक, एक्स-रे वाचणारा डॉक्टर, कर्जाचा अर्ज पाहणारा बँक अधिकारी हे सगळे दिवसभर पंचगिरीच करत असतात.

दोन खेळ, एकच अडचण

पायचीतचा नियम नीट पाहिला तर तो विचित्र आहे. त्रिफळा उडाला, झेल घेतला, धावबाद झाला, या सगळ्या घडलेल्या गोष्टी. पायचीत मात्र न घडलेल्या गोष्टीचा निकाल आहे. 'मध्ये पाय नसता तर चेंडू यष्टीवर गेला असता का?' हे पंचाला सांगायचे असते. चेंडू तर पायावरच थांबलेला असतो. म्हणजे पंच इथे साक्षीदार राहत नाही, भविष्य सांगतो.

बेसबॉलमध्ये याचा एक सख्खा भाऊ आहे. त्याचे नाव इनफिल्ड फ्लाय. आपल्याकडे शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळलेल्यांना तो ठाऊक असेल. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू उभे आहेत, बाद झालेले खेळाडू दोनपेक्षा कमी आहेत आणि फलंदाजाने चेंडू उंच पण जवळच उडवला. झेल जाईल या भीतीने धावपटू आपापल्या बेसपाशी थांबतात. अशा वेळी क्षेत्ररक्षकाने सोपा झेल मुद्दाम सोडला तर थांबलेल्या धावपटूंना अचानक पुढे पळावे लागते आणि एका चेंडूवर दोघे बाद होतात. ही लबाडी रोखण्यासाठी १८९०च्या दशकात नियम झाला. 'साधारण प्रयत्नाने' हा झेल घेता येईल असे पंचाला वाटले की त्याने चेंडू हवेत असतानाच ओरडून तसे जाहीर करायचे. मग झेल सुटला तरी फलंदाज बाद आणि धावपटूंवर पळण्याची सक्ती नाही.

सगळी मेख 'साधारण प्रयत्ना'त आहे. तो फूटपट्टीने मोजता येत नाही. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी अटलांटा आणि सेंट लुईस या संघांच्या बाद फेरीच्या सामन्यात पंच सॅम होलब्रुक यांनी असाच हात वर केला. चेंडू नेहमीच्या अंतरापेक्षा बराच मागे गेला होता, क्षेत्ररक्षक मागे धावत होता आणि निर्णय चेंडू पडण्याच्या जरासा आधी आला. चेंडू दोन खेळाडूंच्या मध्ये जमिनीवर पडला, फलंदाज तरीही बाद ठरला. प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या आणि कचरा फेकला, खेळ १९ मिनिटे थांबला आणि अटलांटा ६-३ असा हरला. त्या निर्णयावर अमेरिकेत अजूनही वाद होतात.

दोन्ही खेळांत पंचापुढचे कोडे एकच आहे, पण घड्याळ उलटे चालते. इनफिल्ड फ्लायमध्ये उशीर झाला की निर्णय निरुपयोगी ठरतो, कारण धावपटूंना तो आधी कळायला हवा. पायचीतमध्ये थांबून विचार करायची मुभा असते. वेस्ट इंडिजचे स्टीव्ह बकनर इतका वेळ घेत की फलंदाजांनी त्यांना 'स्लो डेथ' असे टोपणनाव दिले होते.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

पंचाला नेमके किती दिसते, ते पाहू. ताशी १३० किलोमीटर वेगाचा चेंडू गोलंदाजाच्या हातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटीमीटर. वीस मीटरवरून तो पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या आकाराचाही दिसत नाही.

या अर्ध्या सेकंदातही पंचाच्या वाट्याला सगळा वेळ येत नाही. गोलंदाजाचे पुढचे पाऊल रेषेच्या आत आहे का, हे आधी बघायचे आणि लगेच नजर दुसऱ्या टोकाला न्यायची. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी घेते तेव्हा ती उडी सुरू व्हायलाच सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो, आणि उडी चालू असताना मेंदू दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. आरशासमोर उभे राहून आधी डाव्या आणि मग उजव्या डोळ्याकडे पाहा. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. मोठ्या सामन्यांत पुढच्या पायाचा नोबॉल आता तिसरा पंच बघतो. ही केवळ अचूकतेची सोय नाही, मैदानावरच्या पंचाच्या डोळ्यांना मिळालेली सवलतही आहे. गल्लीतल्या किंवा कंपनीच्या स्पर्धेत मात्र दोन्ही कामे एकाच माणसाकडे असतात.

फलंदाजही चेंडूचा पूर्ण पाठलाग करू शकत नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाऊड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा माग घेणारे उपकरण वापरून दाखवले की ते सुटणारा चेंडू क्षणभर पाहतात आणि मग तो जिथे टप्पा खाईल असा अंदाज असतो तिथे नजर आधीच नेऊन ठेवतात. जितका फलंदाज चांगला तितकी ही उडी लवकर. म्हणजे 'चेंडूवर नजर ठेव' हा उपदेश खरे तर 'चेंडूच्या आधी नजर पोहोचव' असा आहे. अनुभवी पंचही काहीसे असेच करतात. चेंडूमागे डोळे पळवण्यापेक्षा यष्टींच्या आसपास नजर स्थिर ठेवून चेंडूला त्या चौकटीत येऊ देतात.

आता भूमिती. चेंडू यष्टींपासून दोन मीटर पुढे पायावर आदळला आणि पंचाच्या दिशेच्या अंदाजात फक्त एका अंशाची चूक झाली, तर यष्टीपाशी ती चूक साडेतीन सेंटीमीटर होते. म्हणजे जवळपास अर्धा चेंडू. लेग स्टंपला लागणारा चेंडू आणि बाहेरून जाणारा चेंडू यांतला फरक अनेकदा एवढाच असतो.

कानांचेही तसेच. बॅटची कड लागल्याचा आवाज वीस मीटर पार करायला एका सेकंदाचे सुमारे सहा शतांश घेतो. तेवढ्यात वेगवान चेंडू बॅटच्या दोन मीटर मागे गेलेला असतो. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले मेंदू एकत्र शिवतो. ती शिवण बहुतेक वेळा बेमालूम असते, पण बॅट पॅडला घासली की चेंडूला, अशा प्रसंगी ती उसवते.

यंत्रालाही अंदाजच करावा लागतो

मग संगणकावरच का सोपवत नाहीत? कारण पायापर्यंतचा चेंडू कॅमेरे मोजतात, पण पायानंतरचा मार्ग संगणकही गणिताने पुढे ओढतो. टप्पा पडून लगेच पायावर लागलेल्या चेंडूचा फारसा मार्ग हाती नसतो, त्यामुळे पुढच्या अंदाजात अनिश्चितता वाढते. म्हणून निम्म्याहून कमी चेंडू यष्टीला लागत असल्याचे दिसले तर पंचांचा मूळ निर्णय बदलत नाहीत. 'अंपायर्स कॉल' म्हणजे 'इथे यंत्राचीही खात्री नाही' अशी प्रामाणिक कबुली आहे.

ही पद्धत आली त्यामागेही पंचांच्या चुका होत्या. जानेवारी २००८च्या सिडनी कसोटीत भारताविरुद्ध अनेक निर्णय चुकले आणि बकनर यांना पुढच्या सामन्यातून बाजूला करण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये भारत-श्रीलंका मालिकेत रिव्ह्यू पद्धतीची पहिली चाचणी झाली. भारताने मात्र ती नियमितपणे स्वीकारायला २०१६ साल उजाडले. पुढच्याच फेब्रुवारीत गहुंजेला पहिली कसोटी झाली. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने १२ बळी घेतले, भारत १०५ आणि १०७ धावांत गारद झाला आणि दुसऱ्या डावात भारताचे दोन्ही रिव्ह्यू सुरुवातीलाच वाया गेले. आपल्या पायावर लागलेल्या चेंडूबद्दल खुद्द फलंदाजाचा अंदाजही किती पक्षपाती असतो, याचा तो नमुना होता.

आवाज, आपली माणसे आणि मागचा निर्णय

डोळ्यांची मर्यादा समजण्यासारखी आहे. निर्णय वाकवणाऱ्या काही गोष्टी मात्र आपल्याला जाणवतही नाहीत.

पहिली गोष्ट, गर्दीचा आवाज. २००२ साली इंग्लंडमधील संशोधकांनी फुटबॉल पंचांना एकाच सामन्यातील टक्करी दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. ते यजमानांचे चाहते नव्हते. निर्णय अवघड झाला की मेंदू मिळेल त्या पुराव्याचा आधार घेतो, आणि आरडाओरडा त्याला पुरावाच वाटतो.

दुसरी गोष्ट, आपलेपणा. १९८६ साली लाहोरच्या पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीत मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी हे दोन भारतीय पंच उभे राहिले. आधुनिक क्रिकेटमधील तटस्थ पंचांची ही सुरुवात मानली जाते. १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ असू लागले. १९८६ ते २०१२ मधल्या १,००० कसोटींचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना असे आढळले की दोन्ही पंच यजमान देशाचे असताना पायचीतच्या निर्णयांत यजमानांना फायदा होत होता. एक पंच तटस्थ झाल्यावर तो घटला आणि दोन्ही तटस्थ झाल्यावर दिसेनासा झाला. कुणाची नियत बदलली नाही, फक्त व्यवस्था बदलली.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी आहे. लागोपाठ दोन सारखे निर्णय दिले की तिसरा वेगळा द्यावासा वाटतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तीन प्रकारचे निर्णय तपासले गेले. बेसबॉलचे पंच, अमेरिकेतील आश्रय-अर्जांचे न्यायाधीश आणि भारतातील कर्ज अधिकारी. तिन्हीकडे कल तोच होता. आधीचा अर्ज मंजूर केला असेल तर पुढचा नामंजूर करण्याकडे ओढा वाढतो, जरी दोन अर्जांचा एकमेकांशी काहीही संबंध नसला तरी. जुगारात 'आता तरी आपले दान पडेल' असे वाटते, त्याच भ्रमाचे हे कचेरीतले रूप.

चाकणचे पंच

पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात असंख्य माणसे रोज अशाच निर्णयांवर पगार घेतात. रंग दिलेल्या पत्र्यावरचा ओरखडा चालेल की नाही, कास्टिंगमधले छिद्र कितपत सोडून द्यायचे, वेल्डिंग पुरेसे पक्के दिसते का. जिथे मापाचा प्रश्न असतो तिथे गो-नो गो गेज लावून उत्तर मिळते. जिथे डोळ्यानेच ठरवायचे असते तिथे 'लिमिट सॅम्पल' टांगलेले असते. इथपर्यंत चालेल, याच्यापुढे नाही. बेसबॉलच्या 'साधारण प्रयत्ना'ला असे सॅम्पल टांगता येत नाही, हीच त्या पंचाची अडचण.

अशा तपासणीत चुका दोन प्रकारच्या असतात. चांगला भाग नाकारणे आणि सदोष भाग पुढे सोडणे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रडार पाहणाऱ्यांच्या चुकांतून जे शास्त्र उभे राहिले, ते सांगते की नजर तेवढीच असेल तर एक चूक कमी केली की दुसरी वाढते. रेषा कुठे आखायची हे त्या चुकीच्या किमतीवरून ठरते. क्रिकेटने संशयाचा फायदा फलंदाजाला दिला, कारण बाद झालेल्याला दुसरी संधी नाही. ब्रेकचा भाग तपासताना संशयाचा फायदा भागाला देता येत नाही, कारण पुढे कुणाचा तरी जीव त्यावर असतो. कर्करोगाची प्राथमिक तपासणी वाचणारा डॉक्टरही म्हणूनच शंका आली की पुन्हा तपासायला बोलावतो. 'उगाच घाबरवले' असे म्हणण्यापूर्वी हे लक्षात घ्यायला हवे.

निरीक्षकाचे दोन शत्रू शास्त्राला चांगले ठाऊक आहेत. एक, कंटाळा. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना तासन् तास फिरणाऱ्या काट्याची क्वचित होणारी मोठी उडी टिपायची होती. पहिल्या अर्ध्या तासातच त्यांची पकड ढिली झाली. दोन, दुर्मीळता. जेरेमी वोल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर ती सुमारे ७ टक्के वेळा नजरेतून सुटते, पण शंभरात एकाच चित्रात असेल तर सुमारे ३० टक्के वेळा सुटते. कारखान्याचा दर्जा सुधारून सदोष भाग कमी झाले की उरलेले शोधणे अधिक अवघड होते, असा हा उलटा न्याय आहे. अशा वेळी निरीक्षकाला निष्काळजी ठरवून दंड करणे सोपे असते. पण त्याला ठरावीक वेळाने विश्रांती देणे, काम फिरते ठेवणे आणि अधूनमधून मुद्दाम सदोष नमुने मिसळून त्याची नजर जागी ठेवणे, हे उपाय जास्त उपयोगी पडतात.

कारखान्यांतली आणखी एक पद्धत मैदानाने उचलावी अशी आहे. निरीक्षकाला न सांगता तेच भाग वेगळ्या क्रमाने पुन्हा दाखवतात आणि त्याचा निर्णय स्वतःच्याच आधीच्या निर्णयाशी आणि इतर निरीक्षकांशी किती जुळतो ते पाहतात. यात कुणाला दोषी ठरवायचे नसते, मोजणारे साधन किती भरवशाचे आहे ते समजून घ्यायचे असते. स्थानिक पंचांनाही मोबाइलवर टिपलेले पायचीतचे चेंडू असे दाखवता येतील. खर्च जवळपास शून्य.

पंचाचे शरीर

पंच हा दिवसभर उभा राहणारा, डोळे ताणून काम करणारा माणूस आहे. एप्रिल-मेच्या उन्हात फलंदाज बाद होऊन सावलीत जातो, संघ बदलतात, पंच तिथेच असतो. शरीरातील पाणी वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांहून अधिक घटले की लक्ष एकवटण्याची क्षमता कमी होऊ लागते. तहान जाणवेपर्यंत थांबणे म्हणूनच चुकीचे.

ज्यांना हौस म्हणून किंवा कामाचा भाग म्हणून पंचगिरी करायची आहे, त्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात.

- वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. फक्त तक्त्यावरची अक्षरे वाचणे पुरेसे नाही. मोतीबिंदूच्या सुरुवातीला अक्षरे वाचता येतात, पण संधिप्रकाशात चेंडू आणि पार्श्वभूमी यांतला फरक कळेनासा होतो. मधुमेह असल्यास डोळ्याच्या पडद्याची तपासणी टाळू नये.
- रुंद कडेची टोपी आणि अतिनील किरणे रोखणारा चष्मा वापरावा. वर्षानुवर्षे उन्हात काम केल्याने डोळ्यांवर मांस वाढण्याचा धोका वाढतो.
- प्रत्येक विश्रांतीत थोडे थोडे पाणी प्यावे. घाम फार येत असेल तर मीठ-साखर-लिंबाचे पाणी चांगले. उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मिठाबाबत डॉक्टरांना विचारावे.
- चक्कर येणे, डोके दुखणे, बोलण्यात गोंधळ होणे ही उष्माघाताची चिन्हे असू शकतात. अशा वेळी खेळ थांबवून सावलीत जावे, अंग ओल्या कपड्याने गार करावे आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.
- प्रत्येक चेंडूनंतर नजर क्षणभर सैल सोडावी आणि गोलंदाज धावत येऊ लागला की पुन्हा एकाग्र व्हावे. षटकाच्या सहाही चेंडूंत आणि मधल्या वेळेतही सतत ताणलेले लक्ष दिवसभर टिकत नाही.
- एखादा निर्णय चुकल्याची रुखरुख लागली तरी पुढच्या निर्णयात त्याची भरपाई करू नये. तो पुढच्या खेळाडूवर अन्याय ठरतो.

आयोजकांनीही थोडी जबाबदारी घ्यावी. पंचांसाठी सावलीची जागा आणि पाणी, दोन सामन्यांमध्ये विश्रांती, शक्य असेल तिथे दोन्ही संघांबाहेरचे पंच आणि शिवीगाळ करणाऱ्या संघाला सामन्यापूर्वीच ठरलेली शिक्षा, एवढ्या चार गोष्टींना स्टेडियम लागत नाही. पंचाला शिव्या घातल्याने त्याची नजर सुधारत नाही. पुढच्या अवघड चेंडूवर तो मोठ्या आवाजाच्या बाजूने झुकण्याची शक्यता मात्र वाढते, आणि तो आवाज दर वेळी आपल्याच संघाचा असेल असे नाही.